फक्की

शाळेच्या मैदानावर सत्तावीस वर्षं फक्की मारतोय मी.
कबड्डीची, खो-खोची,
स्नेहसंमेलनाआधी दोनशे मीटरची गोलाई.
मूठ अर्धी उघडी ठेवायची आणि मागं बघायचं नाही.
रेघ सरळ पडली की पोरं कमी भांडतात,
एवढंच शिकलो.
घराची रेघ कधी मारली नव्हती.

आमचे करारनामे अकरा महिन्यांचे.
बाराव्या महिन्यात आमच्याकडं टेम्पो असतो,
गादीच्या गुंडाळीत देव, कुकरात चमचे,
आणि नव्या मालकाचा जुनाच प्रश्न :
माणसं किती? पाहुणे फार येतात का?
सातपूर, मग श्रमिकनगर, मग नासर्डीकाठची ती खोली
जिथं पुराची खूण झाकायला
मालकानं कॅलेंडर कमरेएवढ्या उंचीवर लावलेलं.

अनुसया गांगुर्डे द्राक्षांच्या पॅकहाऊसला जाते.
घड हातात घेतला की सांगते, पन्नास ग्रॅम जास्त.
भिशी तिचीच. एकदा म्हणाली,
एकाला फ्रिज, एकाला पोत, एकाला लग्नाचा मंडप,
आणि भाडं सगळ्यांना.
पाच वर्षं कुणीच उचलू नका. जमीन घेऊ.
आम्ही हसलो.
मुनीर वेल्डर हसला नाही,
त्यानं खिशातून पेन काढलं.

पाच वर्षांची सात झाली.
चोवीस घरांची एकोणीस.
वाघचौऱ्यांनी किडनीच्या ऑपरेशनला पैसे परत मागितले,
दिले. तोंडं वाकडी करून दिले, पण दिले.
म्हसरूळच्या पुढं, बोरगड समोर दिसतो तिथं
अर्धा एकर.
संस्थेच्या नावावर चार तास वाद.
देवाचं नको, पुढाऱ्याचं नको, फुलाचं तर नकोच.
शेवटी ठरलं : बारावा महिना गृहनिर्माण संस्था.
कारकून म्हणाला, असं नाव नसतं.
अनुसया म्हणाली, आता असेल.

तेजल पगारे, दगू गवंड्याची पोरगी, डिप्लोमावाली,
कागदावर नकाशा घेऊन आली.
सगळ्यांनी माना हलवल्या. कळलं कुणालाच नाही.
मग ती माझ्याकडं वळली :
काका, जमिनीवर काढा. खऱ्या मापाचं.

दोन पोती फक्की, पदरच्या पैशानं, पावतीसकट.
वीस बाय पंधरा.
दाराला जागा सोडली तेव्हा पहिल्यांदा हात थरथरला.

अनुसया तरातरा आत शिरली
आणि एकोणीस घरं एकदम ओरडली,
अगं, भिंत आहे ती!
ती थबकली. मागं गेली. वळसा घालून
दारातून आली.

रेखानं नवऱ्याला आडवं झोपवून पाहिलं,
पाय मोरीत जात होते.
मुनीरची आई ओट्याच्या जागी उकिडवी बसली, म्हणाली,
इथं सकाळी ऊन पाठीवर येईल, खिडकी पलीकडं घ्या.
तिच्या चपला रेघेच्या बाहेर काढलेल्या.

भांडण जिन्यावर झालं.
खालची घरं कुणाला?
दगू म्हणाला चिठ्ठ्या टाका, चिठ्ठीला नातं नसतं.
मुनीर आईच्या गुडघ्यांकडं बघत राहिला.
तेजल बापाच्या विरुद्ध बोलली, सगळ्यांसमोर.
मतं मोजली : दहा विरुद्ध नऊ.
ज्यांना चढवत नाही ते खाली,
बाकीच्यांच्या चिठ्ठ्या.
नऊजण अजून नीट बोलत नाहीत.
पण हप्ता चुकवलेला नाही एकानंही.

उन्हं कलताना शेळ्यांचा कळप आला
आणि भिंतींमधून आरपार गेला.
तेजलनं फोटो काढून ठेवले होते म्हणून बरं.
आम्ही मात्र निघताना
एकामागं एक दारातून निघालो,
कुणी सांगितलं नव्हतं.

बँकेचं उत्तर अजून यायचंय.
मला टेम्पो सांगायचाय, निदान अजून एकदा,
कदाचित दोनदा.
पोत्यात मूठभर फक्की उरली आहे.
सोमवारी शाळेत लंगडीच्या मॅचेस.